राहेलचे दुसरे बाळंतपण

उत्पत्तीच्या पुस्तकातील राहेल आपल्या लक्षात राहते ती तिच्या आक्रोशामुळे. थोरल्या बहिणीची, लेआची, कूस वारंवार उजवत होती आणि राहेलचा पाळणा मात्र रिकामाच होता. मूल झाले नाही तर आपण जगणार नाही, असे तिने याकोबाला निर्वाणीचे सुनावले. पुढे गव्हाच्या हंगामात लेआच्या मुलाने शेतातून मँड्रेकची फळे आणली. ह्या वनस्पतीच्या अंगी गर्भ राहण्याचा गुण आहे, असा त्या काळचा समज होता. ती फळे मिळावीत म्हणून राहेलने एका रात्रीपुरता नवऱ्यावरील आपला हक्क बहिणीला सोडून दिला. वंध्यत्वावरील उपचारासाठी स्त्रीने मोजलेल्या किमतीच्या ज्या फार जुन्या लेखी नोंदी आहेत, त्यांपैकी ही एक होय.

कालांतराने योसेफ जन्मला आणि राहेलचा कलंक पुसला गेला. प्रवचनकार बहुधा इथे थांबतात. आम्हीही कित्येक वर्षे इथेच थांबत होतो. परंतु काही अध्यायांनंतर तीच राहेल एफ्राथच्या वाटेवर पुन्हा दिसते. वाटेतच तिला कळा सुरू होतात, बाळंतपण अडते. हाही मुलगाच आहे, असे सांगून सुईण तिला धीर देते आणि राहेल प्राण सोडते. मुलासाठी जीव टाकणाऱ्या स्त्रीचा जीव मुलापायीच गेला. तिची कबर बेथलेहेमजवळ आजही दाखवतात.

गर्भ राहणे ही एक गोष्ट आणि सुखरूप सुटका होणे ही दुसरी. आपल्या आज्यांना हा भेद ठाऊक होता, म्हणून तर त्या 'बाळंत झाली' असे म्हणण्याऐवजी 'सुटली' असे म्हणत. वंध्यत्वावरील आधुनिक उपचारांचा जो इतिहास आपण वृत्तपत्रांतून वाचतो तो पहिल्या गोष्टीचा असतो: अमुक ठिकाणी पहिले परीक्षानळीतील बालक, तमुक ठिकाणी पहिला यशस्वी प्रयोग. त्या माता पुढे सुखरूप सुटल्या का, त्या बाळांची वजने किती भरली, ह्याचा इतिहास मात्र पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत राहतो. तो वाचण्याची वेळ आमच्यावर आली ती एका दांपत्यामुळे.

बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. लग्नाला नऊ वर्षे झालेले आमच्या धर्मग्रामातील हे दांपत्य एका संध्याकाळी आमच्या निवासावर आले. नवसाची मेणबत्ती लावून झाली असेल, आता आशीर्वाद मागतील, असे आम्हांस वाटले. बाई गरोदर होती. तिसरा महिना भरत आला होता. एका खाजगी केंद्रात उपचार घेतल्याचे त्यांनी प्रथमच आम्हांस सांगितले. गर्भाशयात तीन गर्भ ठेवले होते आणि तिन्ही रुजले होते. आता डॉक्टर म्हणत होते की तिघे वाढू देणे धोक्याचे आहे. एकाच्या हृदयात सुई टोचून ते थांबवावे, म्हणजे उरलेली दोन नीट वाढतील.

"फादर, कुठलं थांबवायचं ते आम्ही सांगायचं का?" एवढेच ती म्हणाली.

ख्रिस्तसभेची शिकवण काय आहे ते आम्ही सांगितले. ती त्यांना ठाऊक होतीच. आमच्या तोंडून ऐकावयाची होती. मग आम्ही विचारले, मुळात तीन का ठेवले? नवरा म्हणाला, "जेवढे ठेवाल तेवढी आशा जास्त, असं सांगितलं, फादर. दागिने मोडून पैसे उभे केले होते. पुन्हा कुठून आणणार होतो?"

सातव्या महिन्यातच तिचा रक्तदाब इतका वाढला की तातडीने पोट उघडून बाळे काढावी लागली. रात्री दोनच्या सुमारास आम्हांस बोलावणे आले. काचपेटीच्या गोल झरोक्यातून हात आत घालून, औषधाच्या पिचकारीने थेंब थेंब पाणी सोडून आम्ही तिघांना स्नानसंस्कार दिला. सर्वांत धाकटे ८४० ग्रॅमचे होते. त्याचे कपाळ आमच्या अंगठ्यापेक्षा फारसे मोठे नव्हते. चौथ्या दिवशी ते गेले.

विवाहपूर्व शिबिरांत ह्या विषयावर आम्ही आजवर जे बोलत आलो होतो, ते त्या रात्रीनंतर आम्हांस अपुरे वाटू लागले. आम्ही सेमिनरीत शिकत होतो तेव्हा १९८७ चे 'डोनुम विते' हे रोमचे निवेदन ताजे होते. स्त्रीपुरुषांच्या मीलनावाचून प्रयोगशाळेत केलेली गर्भधारणा ख्रिस्तसभा मान्य करत नाही, परंतु अशा रीतीने जन्मलेले बाळही देवाचे दानच होय आणि त्याचा स्वीकार प्रेमानेच करावयाचा, हे दोन्ही मुद्दे आम्ही पाठ केले होते आणि तसेच सांगत होतो. नकार सांगून झाला की आमचे काम संपे. तो नकार ऐकून दांपत्ये मुकाट्याने उठत, कोणालाही न सांगता शहरातील केंद्रात जात आणि तिथे काय विचारावे हे त्यांना सांगणारे कोणीही नसे. ह्या दोघांना एक प्रश्न आधी विचारता आला असता: किती ठेवणार? तो आम्ही त्यांना शिकवला नव्हता, कारण आम्हांलाच तो माहीत नव्हता. मग आम्ही वाचू लागलो.

गंमत अशी की ह्या इतिहासाचा एक धागा थेट रोममधील धर्मभगिनींच्या मठापर्यंत जातो.

स्त्रीच्या बीजकोशात दर महिन्याला अनेक बीजे वाढीस लागतात, परंतु एरवी पक्व होते ते एकच. हे काम मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीतून स्रवणारी संप्रेरके करवून घेतात. पाळी कायमची बंद झाल्यावर बीजकोश प्रतिसाद देत नाहीत. ग्रंथी मात्र जणू हाका मारीतच राहते. ही संप्रेरके मोठ्या प्रमाणात स्रवतात आणि मूत्रावाटे बाहेर पडतात. रोममधील सेरोनो कंपनीत पिएरो दोनिनी ह्या रसायनशास्त्रज्ञाने १९४० च्या दशकाच्या अखेरीस अशा मूत्रातून ती वेगळी काढली आणि त्या द्रव्याला पेर्गोनाल असे नाव दिले. परंतु त्याचे करावयाचे काय, हे ठरेना. काही वर्षांनी व्हिएन्नात जन्मलेले ज्यू डॉक्टर ब्रुनो लुनेनफेल्ड हे ज्या स्त्रियांना बीजच पक्व होत नाही त्यांच्यासाठी अशाच द्रव्याच्या शोधात होते. अडचण एकच होती. पाळी गेलेल्या शेकडो स्त्रियांचे मूत्र रोज लागणार, आणि त्यांत एकही गर्भवती असता कामा नये. नाहीतर तिच्या गर्भारपणाचे संप्रेरक मिसळून सगळा साठा वाया जाणार. अशा स्त्रिया एकत्र राहतात कोठे?

ह्याचे उत्तर कंपनीच्या संचालक मंडळावरील एका सद्गृहस्थांकडे होते. ते म्हणजे पोप बारावे पायस यांचे पुतणे, ज्युलिओ पाचेल्ली. लुनेनफेल्ड यांनीच पुढे सांगितलेल्या हकिकतीनुसार पाचेल्लींनी शब्द टाकला आणि इटलीतील वृद्ध धर्मभगिनींच्या मठांतून मूत्र गोळा होऊ लागले. एका स्त्रीच्या एका उपचारासाठी दहा भगिनींचे दहा दिवसांचे मूत्र लागे. १९६२ साली इस्राएलमध्ये ह्या औषधाच्या साहाय्याने पहिली मुलगी जन्मली. ज्या स्त्रियांनी ऐन तारुण्यात मातृत्वावर पाणी सोडले, त्यांच्याच देहाने नाकारलेल्या द्रव्यातून परक्या देशातील एका परधर्मीय स्त्रीची ओटी भरली. त्या भगिनींना हे कितपत सांगितले गेले होते, कोण जाणे. वृद्ध धर्मभगिनींच्या आश्रमात आम्ही दर महिन्याला मिस्सा अर्पण करतो, तिथल्या एकीला आम्ही ही हकिकत सांगितली तेव्हा ती पदराआड खुदकन हसली आणि म्हणाली, "मग आमचं काहीच वाया गेलं नाही म्हणायचं!"

पण औषधाला मर्यादेची जाण नसते. हाक जरा मोठी झाली की एकाऐवजी चार-पाच बीजे पक्व होत. आज पोटाच्या सोनोग्राफीवर बीजकोश फुगताना दिसतो आणि औषध थांबवता येते. तेव्हा ती सोय नव्हती. स्वीडनमध्ये कार्ल गेमझेल यांनी १९५८ पासून मृतांच्या पीयूषिका ग्रंथींतून काढलेले संप्रेरक वापरून असेच उपचार सुरू केले होते. १९६५ च्या जुलैत न्यूझीलंडमधील ऑकलंड येथे अशाच संप्रेरकाच्या उपचारानंतर एका मातेला एकाच वेळी पाच बाळे झाली आणि पाचही जगली. जगभरच्या वृत्तपत्रांनी ती छायाचित्रे कौतुकाने छापली. जी चौघे, पाच जण जगत नसत त्यांची छायाचित्रे कोण छापणार?

मातांच्या वाट्याला आलेले संकट निराळेच होते. बीजकोश अतिरेकी उत्तेजित झाले की ते फुगतात, रक्तातील पाणी पोटात उतरते, रक्त दाट होऊन गुठळ्या होतात; क्वचित प्रसंगी मृत्यूही ओढवतो. शिवाय मृतांच्या ग्रंथींतून काढलेल्या संप्रेरकातून क्रॉइट्झफेल्ट-याकोब हा मेंदूचा असाध्य रोग काही जणींना झाला. ऑस्ट्रेलियात १९६७ पासून चाललेला असा शासकीय कार्यक्रम १९८५ साली बंद करण्यात आला. उपचार घेऊन बरीच वर्षे लोटल्यावर तिथल्या काही स्त्रिया ह्या रोगाने दगावल्या होत्या. १९९४ साली त्याचा चौकशी अहवाल निघाला. मूल हवे एवढीच त्यांची मागणी होती.

ह्या पार्श्वभूमीवर इंग्लंडमधील ओल्डहॅम येथील कहाणी वाचताना एक बाब आमच्या नजरेत भरली. ती फारशी सांगितली जात नाही. शरीरशास्त्रज्ञ रॉबर्ट एडवर्ड्स, शल्यचिकित्सक पॅट्रिक स्टेप्टो आणि त्यांच्या सहकारी जीन पर्डी हे तिघे कित्येक वर्षे धडपडत होते. १९७१ साली तेथील वैद्यकीय संशोधन परिषदेने त्यांना अर्थसाहाय्य नाकारले. अशी बाळे सदोष निपजतील की काय, ही धास्ती त्यामागील कारणांपैकी एक होती. त्यांनीही संप्रेरके टोचून अनेक बीजे मिळवली, परंतु गर्भ रुजेनात. १९७६ साली एक रुजला तो गर्भनलिकेत, म्हणजे जिथे वाढू देता येत नाही अशा ठिकाणी. शेवटी त्यांनी औषधांचा नाद सोडला आणि निसर्ग महिन्याकाठी देतो ते एकच बीज घ्यायचे ठरवले. १९७७ च्या नोव्हेंबरात लेस्ली ब्राऊन हिच्या बीजकोशातून एक बीज काढले गेले, त्याचा एक गर्भ झाला आणि तो एकच परत ठेवला गेला. पहिले परीक्षानळीतील बालक हे असे एका बीजाचे, एका गर्भाचे फळ होते. पुढील पंचवीस वर्षे जग हे विसरून गेले.

लेस्लीचे गर्भारपण अगदी निर्विघ्न नव्हते. शेवटी शेवटी तिचा रक्तदाब वाढला, गर्भारपणातील विषबाधा म्हणतात ती लक्षणे दिसू लागली, म्हणून २५ जुलै १९७८ रोजी मध्यरात्रीच्या थोडे आधी शस्त्रक्रिया करून लुईजला बाहेर काढण्यात आले. वजन सुमारे २.६ किलो, प्रकृती ठणठणीत. पुढे लुईजची धाकटी बहीण नॅटली हीही ह्याच मार्गाने जन्मली आणि १९९९ साली तिला नैसर्गिक गर्भधारणेतून मूल झाले, तेव्हा अशा मुली स्वतः माता होऊ शकतील का, ही चिंता मिटली. लुईजच्या जन्माविषयी पत्रकारांनी त्या वेळी व्हेनिसचे पॅट्रिआर्क आल्बिनो लुचियानी यांना विचारले. ख्रिस्तसभेची पारंपरिक भूमिका सोडण्याइतकी कारणे आपणांस दिसत नाहीत, असे ते म्हणाले. परंतु बाळाला त्यांनी मनापासून शुभेच्छा दिल्या आणि आईवडिलांना दोषी ठरवण्याचा आपणांस अधिकार नाही, असेही सांगितले. काही आठवड्यांतच ते पोप झाले, पहिले जॉन पॉल, अवघ्या ३३ दिवसांसाठी. आमच्या शिबिरात आम्ही त्यांच्या उत्तराचा पहिला अर्धाच भाग सांगत होतो.

त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला कोलकात्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांच्या प्रयत्नांतून 'दुर्गा' जन्मली. त्यांची पद्धत ओल्डहॅमपेक्षा वेगळी आणि अधिक दूरदृष्टीची होती. त्यांनी संप्रेरके टोचून अनेक बीजे घेतली, गर्भ गोठवून ठेवला आणि औषधांनी ढवळून निघालेले शरीर शांत झाल्यावर, पुढच्या पाळीनंतर तो गर्भाशयात ठेवला. आज बीजकोश अतिरेकी उत्तेजित होण्याचा संभव दिसला की डॉक्टर नेमके हेच करतात, आणि मातेवरील एक मोठे संकट त्यामुळे टळते. परंतु तेव्हा सरकारी समितीने त्यांचा दावा खोटा ठरवला, त्यांना परदेशी परिषदांना जाऊ दिले नाही आणि शेवटी त्यांची बदली नेत्ररोगाच्या संस्थेत केली. १९ जून १९८१ रोजी त्यांनी आत्महत्या केली.

मुंबईत ६ ऑगस्ट १९८६ रोजी के. ई. एम. रुग्णालयात हर्षा जन्मली. डॉ. इंदिरा हिंदुजा आणि परळच्या प्रजनन संशोधन संस्थेचे डॉ. टी. सी. आनंदकुमार यांच्या त्या यशाला भारतातील पहिले म्हणून मान मिळाला. पण १९९७ साली मुखोपाध्यायांची टिपणे वाचल्यावर आनंदकुमार यांनी स्वतःहून जाहीर केले की पहिलेपणाचा मान आपला नाही, त्यांचा आहे. शास्त्रज्ञांच्या जगात असा कबुलीजबाब विरळा. हर्षा २०१६ साली आई झाली. तिचेही बाळंतपण डॉ. हिंदुजा यांनीच केले.

येथून पुढे पहिलेपणाची शर्यत संपली आणि धंदा सुरू झाला. हा शब्द आम्ही विचारपूर्वक वापरतो आहोत. केंद्राचे यश मोजले जाई ते किती स्त्रियांना गर्भ राहिला ह्यावर, किती बाळे धडधाकट घरी गेली ह्यावर नव्हे. एक गर्भ ठेवला तर रुजण्याची शक्यता कमी, तीन ठेवले तर जास्त. मग तीन ठेवा, चार ठेवा. दांपत्यांचीही ना नसे, एका खर्चात दोन लेकरे झाली तर सोन्याहून पिवळे. निसर्गतः जुळी होतात ती साधारण ऐंशी-नव्वद बाळंतपणांत एकदा. आमच्या चर्चच्या जुन्या नोंदवह्या चाळल्या तर पानेच्या पाने उलटावी लागतात तेव्हा कुठे एकाच तारखेला एकाच आईची दोन नावे सापडतात, आणि त्यांतील एकापुढे बहुधा पुढच्याच आठवड्यात मृत्यूची खूण असते.

मोजदाद केली ती स्वीडनने. तिथे प्रत्येक जन्माची नोंद सरकारी दप्तरात होते. १९८२ ते १९९५ ह्या काळात परीक्षानळी उपचारांनी जन्मलेल्या ५,८५६ बाळांची तुलना इतर बाळांशी करून १९९९ साली 'लॅन्सेट' ह्या नियतकालिकात अहवाल छापला गेला. बहुगर्भ जन्म एकीकडे २७ टक्के, तर दुसरीकडे १ टक्का. अपुऱ्या दिवसांची बाळे एकीकडे ३०.३ टक्के, तर दुसरीकडे ६.३ टक्के. अडीच किलोहून कमी वजनाची २७.४ टक्के विरुद्ध ४.६ टक्के. ही दुर्बलता प्रामुख्याने गर्भांच्या संख्येतून आलेली होती. आणि गर्भाशयात किती गर्भ ठेवायचे, हे तर माणसेच ठरवीत होती.

त्यामागील कारणे समजण्यास डॉक्टर असण्याची गरज नाही. स्त्रीचे गर्भाशय हे मुळात एका बाळाचे घर. दोघे-तिघे दाटीने राहिले की ते वेळेआधी रिते होऊ पाहते. चौतिसाव्या आठवड्याच्या बरेच आधी जन्मलेल्या बाळाच्या फुप्फुसांतील वायुकोश उघडे ठेवणारे द्रव्य पुरेसे तयार झालेले नसते, म्हणून त्याला श्वास घेणे जड जाते. मेंदूतील नाजूक वाहिन्यांतून रक्तस्राव होऊ शकतो. डोळ्यांच्या पडद्याची वाढ अर्धवट असते आणि वेळीच तपासणी झाली नाही तर दृष्टी जाते. आईला दुप्पट-तिप्पट वारेचा भार सोसावा लागतो: रक्तदाब, मधुमेह, बाळंतपणानंतरचा रक्तस्राव, सगळेच वाढते. दागिने मोडून उपचार केलेल्या त्या दांपत्याला पुढे काचपेटीच्या बिलासाठी घर गहाण टाकावे लागले, तेव्हा 'एका खर्चात' ह्या शब्दांचा अर्थ आम्हांस कळला.

स्वीडनने २००३ पासून सामान्यतः एकच गर्भ ठेवण्याचा नियम केला. बेल्जियमने त्याच वर्षी जुलैत निराळी युक्ती काढली: गर्भांच्या संख्येवरील बंधन पाळा, आणि सहा वेळच्या प्रयत्नांचा प्रयोगशाळेचा खर्च सरकार देईल. पैसे एकदाच उभे करता येतात म्हणून दांपत्ये तीन गर्भांचा आग्रह धरतात, ह्या दुखण्याच्या मुळावरच त्या छोट्या देशाने उपाय केला. दुसऱ्याच वर्षी, २००४ साली, स्कँडिनेव्हियातील ६६१ स्त्रियांवरील चाचणीचा निष्कर्ष आला. काहींना दोन गर्भ एकदम ठेवले. काहींना एक ठेवला आणि मूल न झाल्यास गोठवलेला दुसरा नंतर ठेवला. मूल झाले ते पहिल्या गटात ४२.९ टक्के जणींना, दुसऱ्यात ३८.८ टक्के जणींना, फरक थोडा. परंतु त्या बाळंतपणांत बहुगर्भ निघाले पहिल्या गटात ३३.१ टक्के आणि दुसऱ्यात अवघे ०.८ टक्के. थोडा धीर धरला की आशाही राहते आणि धोकाही टळतो, हे आकड्यांनी सिद्ध झाले. लेस्ली ब्राऊनच्या त्या एका गर्भापाशी जग परतले.

सगळेच परतले नाहीत. २००९ च्या जानेवारीत अमेरिकेत एका स्त्रीला आठ बाळे झाली. तिच्या गर्भाशयात १२ गर्भ ठेवणाऱ्या डॉक्टरचा परवाना २०११ साली रद्द झाला. आपल्याकडे भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २००५ च्या मार्गदर्शक सूत्रांनी एरवी तीनपर्यंत गर्भ ठेवण्यास मुभा दिली होती. म्हणजे आमच्या धर्मग्रामातील त्या बाईला तीन ठेवले, ते सूत्रांच्या चौकटीतच होते. हे वाचले तेव्हा आम्ही पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिलो. रागावायचे तरी कोणावर?

वयाचा प्रश्नही असाच दीर्घकाळ मोकळा राहिला. दुसऱ्या तरुण स्त्रीचे बीज घेतले तर सत्तरीच्या बाईलाही गर्भ राहू शकतो. २०१९ साली आंध्र प्रदेशात सत्तरी ओलांडलेल्या एका स्त्रीला जुळ्या मुली झाल्या आणि पुन्हा छायाचित्रे छापली गेली. गर्भाशय जागे करता येते, पण हृदय आणि रक्तवाहिन्या तरुण करता येत नाहीत. २०२१ च्या कायद्याने अशा उपचारांसाठी स्त्रीचे वय ५० पर्यंत आणि पुरुषाचे ५५ पर्यंत मर्यादित केले.

एकच गर्भ ठेवला म्हणजे सर्व काही निर्धोक झाले, असेही नाही. एकेकटी जन्मलेली अशी बाळेदेखील सरासरीने किंचित लवकर आणि किंचित हलकी जन्मतात. दोष उपचारांचा की ज्या कारणाने मूल होत नव्हते त्या कारणाचा? नॉर्वेत २,५४६ माता अशा सापडल्या की ज्यांचे एक मूल नैसर्गिक रीतीने आणि दुसरे उपचारांनी झाले होते. २००८ साली सख्ख्या भावंडांची ही तुलना प्रसिद्ध झाली तेव्हा तो फरक जवळजवळ नाहीसा झाला. म्हणजे बराचसा भाग आईबापांच्या प्रकृतीचाच होता. उलट गोठवलेल्या गर्भातून झालेली बाळे थोडी जड निघतात आणि त्यांच्या मातांना रक्तदाबाचा त्रास अधिक होतो. त्याचे एक कारण विलक्षण आहे. बीज बाहेर पडल्यावर बीजकोशात उरणारा लहानसा पीतपिंड हा स्त्रीच्या रक्तवाहिन्या गर्भारपणासाठी सैल करणारी द्रव्ये स्रवतो. गर्भाशय केवळ गोळ्यांवर तयार केले तर बीज बाहेर पडतच नाही आणि पीतपिंडही तयार होत नाही. म्हणून ज्यांची पाळी नियमित आहे अशा स्त्रियांत आता तिच्या स्वाभाविक चक्रातच गोठवलेला गर्भ ठेवण्याकडे कल वाढतो आहे.

विवाहपूर्व शिबिरात आता आम्ही शिकवण सांगतो तशीच सांगतो. तिच्यातला एक शब्दही आम्ही बदललेला नाही. मात्र त्यानंतर एका स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंना अर्धा तास देतो. वय वाढू देऊ नका, क्षयाने गर्भनलिका बंद होतात तेव्हा तपासणी करून घ्या, नवऱ्याचीही तपासणी करा, हे त्या सांगतात. आणि कोठेही गेलात तरी किती, केव्हा, आणि बाळ लवकर आले तर काचपेटीची सोय कोठे, हे तीन प्रश्न विचारल्याशिवाय सही करू नका, हेही सांगतात. एका ज्येष्ठ धर्मगुरूंनी ह्यावर आम्हांस हटकले: मार्ग चुकीचा म्हणायचे आणि वाटेतले खड्डेही दाखवायचे, हे कसे? त्यांची हरकत आम्हांस समजते. पण त्या रात्री काचपेटीत हात घालणारे ते नव्हते.

यंदा त्या दोघी मुली दृढीकरणाच्या तयारीस आल्या आहेत. एकीला जाड भिंगाचा चष्मा आहे. दुसरी वर्गात सर्वांत उंच. दाखल्यासाठी नोंदवही काढली तेव्हा चष्मेवाली मेजावर वाकून पाहत होती. एकाखाली एक तीन नावे, एकच तारीख, तिन्हींपुढे 'रुग्णालयात, तातडीने' असा आमच्याच हातचा शेरा. तिसऱ्या ओळीवर बोट ठेवून तिने विचारले, "फादर, हा आमच्याहून लहान की मोठा?" सर्वांत शेवटी त्यालाच बाहेर काढले होते, एवढे आम्हांस आठवत होते. "धाकटा," आम्ही म्हणालो. तिने बहिणीकडे पाहिले आणि म्हणाली, "बघ, मी सांगितलं होतं."